अकरा वर्षं पाण्यात जातील का?

"मॅडम, अकरा वर्षं पाण्यात घालायची का?" खुर्चीत टेकता टेकताच त्यांनी विचारलं. वित्त क्षेत्र सोडून टेक स्टार्टअपकडे वळू पाहणारे बरेचजण माझ्याकडे सल्ल्यासाठी येतात, आणि शब्द बदलले तरी प्रश्न बहुधा हाच असतो. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

वय ३६. बँकेत कंपन्यांच्या कर्जप्रस्तावांची छाननी करत करत वर चढलेले, आता हाताखाली १४ माणसं. वीसेक जणांच्या एका स्टार्टअपने त्यांना प्रॉडक्ट टीममध्ये बोलावलं होतं. पगार ४० टक्क्यांनी कमी, जोडीला स्टॉक ऑप्शन्स, म्हणजे कंपनीचे शेअर पुढे आधी ठरलेल्या किमतीला विकत घेण्याचा हक्क. तीन आठवडे धड झोप नव्हती. बायकोलाही अजून सांगितलेलं नव्हतं.

मी विचारलं, "आज पाटी कोरी असती तर काय निवडलं असतं?"

"स्टार्टअप." क्षणाचाही वेळ लागला नाही.

हाल आर्क्स आणि कॅथरिन ब्लूमर या मानसशास्त्रज्ञांचा १९८५ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मी त्यांना सांगितला. नाटकांच्या हंगामाची तिकिटं काहींना पूर्ण दरात मिळाली, काहींना सवलतीत. हंगामाच्या पहिल्या अर्ध्या भागात पूर्ण पैसे मोजलेले लोक जास्त नाटकांना गेले. नाटकं तीच होती, फरक होता तो खिशातून गेलेल्या पैशाचा. ते म्हणाले, "हे तर मीच कर्जदारांना सांगतो, की बुडालेल्या प्रकल्पात आणखी पैसा ओतू नका."

म्हणजे तर्क त्यांना ठाऊक होता, तरी झोप येत नव्हती. अशा वेळी तर्क आणखी पटवत बसण्यात अर्थ नसतो. मी थांबले. बऱ्याच वेळाने ते खाली बघत म्हणाले, "मीटिंगमध्ये मी बोलायला लागलो की लोक लिहून घेतात."

खरी भीती ही होती. कर्जाची फाइल वाचायची नजर अकरा वर्षांत आली होती, ती कुठे जाणार नव्हती. जाणार होता तो मान. तो जाणारच, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं. 'तुमचा अनुभव तिथेही तितकाच मोलाचा ठरेल' असं गोड बोलून माणसाला पाठवणं मला पटत नाही. पहिल्या महिन्यातच त्याचं तोंड पोळतं. ज्याचं दुःख होणार आहे, ते आधी नाव घेऊन बोललं गेलं पाहिजे. पुढची दोन सत्रं आम्ही जवळजवळ एवढंच केलं.

मग एके दिवशी मी म्हटलं, "हीच कंपनी तुमच्याकडे कर्ज मागायला आली असती, तर?" त्यांनी पेन उचललं आणि पहिल्यांदा मला त्यांच्यातला बँकर दिसला. बँकेतली रोकड भागिले दरमहा होणारी घट, म्हणजे कंपनी किती महिने तग धरेल हे कळतं. इतरांच्या बाबतीत रोज करायचा हा हिशेब त्यांनी इथे विचारलाच नव्हता. ऑप्शन्सचंही तेच. ते बहुतेक वेळा चार वर्षांत टप्प्याटप्प्याने हक्काचे होतात आणि पहिल्या वर्षाचा 'क्लिफ' असतो, म्हणजे बारा महिन्यांच्या आत सोडलं तर हाती काहीच नाही. नोकरी सोडल्यावर त्यांतले शेअर पदरचे पैसे भरून विकत घ्यायला अनेकदा ९० दिवसच मिळतात. कंपनी विकली गेली तर प्रेफर्ड शेअर असलेले गुंतवणूकदार आपले पैसे सहसा आधी काढून घेतात. म्हणून घराच्या हिशेबात ऑप्शन्सची किंमत शून्य धरायची, याबाबत मी कुणालाच सूट देत नाही.

कंपनीने रोकडीचा आकडा सांगायला टाळाटाळ केली. त्यांनी नकार कळवला आणि पुढचे दोन आठवडे माझ्यावर रुसून होते.

पण त्याच सुमारास त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. तिने एकच विचारलं, "कमी पगारात आपण किती महिने काढू शकतो?" त्याचं उत्तर शोधायला दोघांनी तीन महिने खरोखरच ६० टक्के पगारात घर चालवून पाहिलं, उरलेला बाजूला टाकला. मी दिलेल्या कोणत्याही सल्ल्यापेक्षा याने त्यांची झोप परत आणली. पाच महिन्यांनी दुसरा स्टार्टअप भेटला. कर्जवाटपाचं सॉफ्टवेअर बनवणारा, १८ महिन्यांची रोकड असलेला आणि हिशेब उघड दाखवणारा. तिथे ते रुजू झाले.

चौथ्या महिन्यात ते भेटायला आले. थकलेले होते. वयाने अकरा वर्षांनी लहान सहकारी त्यांना रोज काहीतरी समजावते, आणि सुरुवातीला घरी गेल्यावर ते कुणाशी बोलायचे नाहीत.

"अजून लागतं मनाला?"

"लागतं." मग बॅगेतून एक जाडजूड वही काढून त्यांनी टेबलावर ठेवली. "मीटिंगमध्ये आता मी लिहून घेतो."

क्लिफला अजून आठ महिने आहेत. पुढची भेट आम्ही दोन महिन्यांनी ठेवली आहे.