रत्नागिरीत घराच्या मेन दाराचं लॉक जाम झालंय, चावी फिरतच नाही, काय करू?

चावीवर जोर लावू नका, आत तुटली तर काम दुप्पट. आपल्याकडे पावसात लाकूड फुगतं आणि बोल्ट चौकटीत आवळून बसतो, म्हणून आधी हँडल धरून दार स्वतःकडे ओढा नाहीतर खांद्याने रेटा आणि त्याच वेळी चावी हळूहळू फिरवा, बऱ्याचदा एवढ्यानेच सुटतं. नाहीच तर खाऱ्या हवेचा गंज असेल, डब्ल्यूडी-४० (गंज सैल करणारा स्प्रे) लॉकमध्ये मारून १० मिनिटं थांबा. खोबरेल तेल नको हां, धूळ चिकटून परत जाम होतं. तरी नाही उघडलं तर हार्डवेअरच्या दुकानात चावीवाल्याचा नंबर विचारा, पैसे फोनवरच ठरवा, आणि आल्याआल्या ड्रिल काढला तर थांबवा, साधं लॉक बहुतेक वेळा न फोडता उघडतं.