इतिहासात २९७ वर्षं घुसडली आहेत, हे खरं आहे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: "युरोपातल्या एका सम्राटाने कालगणनेत २९७ वर्षं घुसडली, म्हणजे आपण अजून अठराव्या शतकातच आहोत, असं एका व्हिडिओत ऐकलं. यात तथ्य आहे का? आणि असेल तर आपल्या इतिहासाचं काय?"

तथ्य नाही. पण मी तुम्हाला हसणार नाही, कारण एका पावसाळ्यात दोन महिने मीही याच नादात होतो.

कोल्हापुरात माझा लहानसा छापखाना आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, दिनदर्शिका. तारखा, तिथ्या, वार हे आमचं रोजचं पीठमीठ. त्यामुळे अशा गणितात माणूस पटकन अडकतो.

हा दावा जर्मनीतल्या हेरिबर्ट इलिग यांचा, १९९० च्या दशकातला. इ.स. ६१४ ते ९११ हा काळ घडलाच नाही, त्या काळातला युरोपचा नामांकित सम्राट शार्लमेन कधी जन्मलाच नाही. सम्राट तिसरा ऑटो आणि पोप दुसरा सिल्व्हेस्टर यांना आपली कारकीर्द इ.स. १००० वर आणून ठेवायची होती म्हणून कागद रंगवले गेले, असं ते म्हणतात. रशियातले गणिती अनातोली फोमेन्को त्यांच्याही चार पावलं पुढे. त्यांच्या मते ग्रीस, रोम, इजिप्त, सगळं मध्ययुगातच घडलं आणि नंतर मागे ढकललं गेलं. बुद्धिबळातला गॅरी कास्पारोवही काही काळ त्यांच्या बाजूने बोलत होता. हुशारी आणि सावधपणा एकत्र नांदतातच असं नाही.

इलिग यांचा हुकमी एक्का असा. ज्युलियस सीझरची कालगणना सुमारे १२८ वर्षांत एक दिवस मागे पडते. सीझरपासून १५८२ पर्यंत सव्वासोळाशे वर्षं, म्हणजे साधारण १३ दिवसांची चूक. पण पोप ग्रेगरीने १५८२ मध्ये दहाच दिवस गाळले. तीन दिवसांचा फरक म्हणजे साधारण तीन शतकं कमी घडली! ऐकायला चोख. मीही बिलाच्या पाठीवर मांडून बघितलं आणि गार पडलो. मेख अशी की ग्रेगरीला सीझरपर्यंत जायचंच नव्हतं. ईस्टरचा हिशोब इ.स. ३२५ च्या निकेया परिषदेशी बांधलेला होता, त्या वेळचं वसंतसंपात (वसंतात दिवस-रात्र सारखे होण्याचा दिवस) त्याला जागेवर आणायचं होतं. ३२५ ते १५८२ म्हणजे १२५७ वर्षं. भागिले १२८. उत्तर दहाच्या जरा आत. एक्का गेला.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट. काही वर्षांपूर्वी एका पत्रिकेत आमच्याकडून वार चुकला. तारीख बरोबर, तिथी बरोबर, वार मागच्या पत्रिकेतला तसाच राहिलेला. चारशे पत्रिका रद्दीत गेल्या, कागदाचे पैसे माझ्या खिशातून. चूक पकडली मुलीच्या आजीने. तिला इंग्रजी तारखेशी देणंघेणं नव्हतं. "पंचमीला हा वार कसा येईल रे?" एवढंच ती म्हणाली.

जुनी मिती अशीच असते. नुसता आकडा नसतो; शक, संवत्सर, मास, तिथी, वार, कधी ग्रहण, अशा चार-पाच दाव्यांनी बांधलेली. एक दावं सोडलंत तर बाकीची ओढून धरतात.

त्या पावसाळ्यात मी आणि माझा एक मित्र खिद्रापूरला गेलो. तो फोमेन्कोचा कट्टर. तिथल्या कोपेश्वर मंदिराच्या दक्षिण दाराशी यादव राजा सिंघणाचा देवनागरी शिलालेख आहे. शके ११३६, श्रीमुख संवत्सर, चैत्र, सूर्यग्रहण, सोमवार. त्याच्या दानपत्राची मिती. ग्रहण म्हणजे अमावास्या, हे ओघानेच आलं. मी तिथेच पायरीवर बसून ७८ मिळवले, १२१४ आलं, मोबाईलवर चैत्र अमावास्या काढली. वार जुळेना. मित्राने माझ्या पाठीवर अशी थाप मारली की मोबाईल पाण्यात पडायचा. "बघ भावा, कालगणनाच हुकलीय!"

घरी येताना गाडीत तो गप्पच बसला नाही. रात्री छापखान्यात जुन्या दिनदर्शिकांचा गठ्ठा सोडला. १९९३ च्या गुढीपाडव्यावर छापलंय: शके १९१५, श्रीमुख नाम संवत्सर. संवत्सरं साठ, फिरून फिरून तीच येतात. १९१५ मधून ६० चे १३ फेरे, म्हणजे ७८० वजा केले की ११३५ येतं, ११३६ नाही. तेव्हा डोक्यात उजेड पडला. आपण शक लिहितो ते संपलेल्या वर्षांचे, जुने लेख कधीकधी चालू वर्षाचा आकडा देतात. म्हणजे इ.स. १२१३. त्या वर्षीची चैत्र अमावास्या २२ एप्रिलला. सोमवार. आणि त्या दिवशी सूर्यग्रहण होतं. मित्राला रात्री साडेअकराला फोन केला, त्याने उचलला नाही.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. हा शिलालेख इलिग यांच्या खड्ड्याच्या अलीकडचा आहे. त्यांना तपासायचं तर शके ५३६ ते ८३३ या काळात उतरावं लागतं. आणि तिथे आपलं घर भरलेलं आहे! ऐहोळेच्या मेगुती मंदिरावर बदामीचा चालुक्य राजा दुसरा पुलकेशी याची प्रशस्ती, शके ५५६. गडहिंग्लजजवळच्या सामानगडाचा, राष्ट्रकूट राजा दंतिदुर्गाचा ताम्रपट, शके ६७५. (याच्या अक्षरांच्या वळणावरून तो नंतरचा असावा अशी शंका आपल्याच विद्वानांनी घेतली आहे, शंका घ्यायला कुणी बंदी घातलेली नाही.) वेरूळचं कैलास लेणं याच काळातलं. हर्षाला पुलकेशी नमला नाही, ही हकीकत चीनहून आलेला ह्यूएनत्संगही लिहून जातो. तो ६२९ ला निघाला, ६४५ ला परतला. त्याच्या चीनवर राज्य करणारा तांग वंश ६१८ ते ९०७. म्हणजे जर्मन सम्राटाच्या हौसेसाठी बदामी, वेरूळ आणि चीन अशा तिघांनी मिळून खोटं लिहायला हवं, तेही एकमेकांशी जुळेल असं. वर झाडांनीही (खोडात वर्षाला एक वलय वाढतं, ती मोजता येतात): ७७४-७५ च्या वलयात किरणोत्सारी कार्बनची एकदम उसळी जपानच्या देवदारात दिसली, मग जर्मनीच्या ओकातही.

ऐहोळेच्या त्याच प्रशस्तीत भारतीय युद्धाला ३७३५ वर्षं झाल्याचंही कोरलंय. ते मात्र मी शके ५५६ इतकं छातीठोकपणे घेत नाही. दगड एकच, पण एक आकडा कोरणाऱ्याच्या डोळ्यांसमोरचा, दुसरा साडेतीन हजारांहून अधिक वर्षांमागचा, ऐकीव.

फोमेन्कोंसाठी एवढंच: कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात पोसायडनचा ब्राँझचा छोटा पुतळा आहे; देव ग्रीकांचा, समुद्राचा, पण पुतळा रोमन काळातला. तो पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडात सातवाहनकालीन वस्तीत सापडला. त्याच टेकाडात बहमनी काळाचे थर त्या वस्तीच्या वर आहेत. रोम मध्ययुगातलं असेल तर हा देव बहमनींच्या खाली जाऊन कसा बसला?

आणि इतिहासकार मिळून काही लपवतात म्हणाल, तर शिवजयंतीचा वाद आठवा. शके १५४९ वैशाख शुद्ध द्वितीया की शके १५५१ फाल्गुन वद्य तृतीया? १९१६ मध्ये टिळकांनी जेधे शकावली (शिवकाळातल्या घटनांची तारीखवार जुनी नोंद) पुढे आणली, तिथून जो वाद पेटला तो शासनाने १९ फेब्रुवारी १६३० स्वीकारेपर्यंत एकविसावं शतक उजाडलं. आमच्या पेठांत आजही वैशाखातली जयंती वाजतगाजत होते, आणि मी दोन्ही वेळची पत्रकं छापतो. तीन वर्षांचा फरक पचायला एवढा काळ लागला. २९७ वर्षं कोणी ब्र न काढता गिळली असती का, तुम्हीच सांगा.

खिद्रापूरला जाणार असाल तर नृसिंहवाडी, कुरुंदवाड करत जा आणि सकाळी लवकर पोचा. तिरप्या उन्हात अक्षरं उठून दिसतात. शके ११३६ दिसलं की ७८ नव्हे, ७७ मिळवा.