वाचकांचे प्रश्न : ट्रकचा एक्सल जुन्या मस्टँगला बसवताना

प्रश्न : माझा भाचा अमेरिकेत मिशिगन राज्यात राहतो. त्याच्याकडे 1966 सालची व्ही-8 इंजिनाची फोर्ड मस्टँग आहे. तिचा मागचा एक्सल आवाज करू लागल्याने त्याने भंगाराच्या यार्डातून 1998 च्या फोर्ड एक्स्प्लोररचा एक्सल आणून ठेवला आहे. एका बाजूचा पाइप कापून लहान करायचा, पुन्हा वेल्ड करायचा आणि दोन्ही बाजूंना आखूड शाफ्ट घालायचे, असा त्याचा बेत आहे. मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत माझे लेथ आणि वेल्डिंगचे वर्कशॉप आहे, पण एक्सलचा पाइप कापून जोडणे काही मनाला पटत नाही. दिवाळीत तो वडोदऱ्याला येणार आहे. त्याला काय सांगावे?
— एक वाचक, मकरपुरा, वडोदरा

उत्तर : आपली शंका रास्त आहे, पण भाच्याने निवडलेली वाटही आडरानातली नाही. एक्स्प्लोरर ही रेंजर पिकअपच्या सांगाड्यावर बेतलेली गाडी असल्याने तिचा एक्सल ट्रकच्या वळणाचाच आहे. क्राउन व्हीलचा, म्हणजे आतल्या मोठ्या दातेरी चाकाचा, व्यास 8.8 इंच आणि शाफ्टला 31 स्प्लाइन, म्हणजे टोकावरच्या उभ्या खाचा, असतात, तर व्ही-8 मस्टँगच्या मूळ एक्सलचे क्राउन व्हील 8 इंचांचे आणि शाफ्ट 28 स्प्लाइनचे असतात. शिवाय 1995 पासूनच्या एक्स्प्लोररला मागेही डिस्क ब्रेक आहेत आणि चाकाच्या पाच बोल्टांचे वर्तुळ दोन्ही गाड्यांत साडेचार इंचांचेच आहे. तेव्हा मजबुतीची काळजी नको. काळजी करायची ती मापांची.

एक्स्प्लोररचा एक्सल फ्लँजपासून फ्लँजपर्यंत, म्हणजे चाक बसते त्या एका तबकडीपासून दुसरीपर्यंत, सुमारे साडेएकोणसाठ इंच भरतो आणि 1966 च्या मस्टँगचा सव्वासत्तावन्नच्या आसपास. त्यातच एक्स्प्लोररचा पिनियन (क्राउन व्हीलला फिरवणारे लहान दातेरी चाक) मधोमध नसून उजवीकडे सरकलेला असतो. तिकडे चालक डावीकडे बसतो, म्हणून लांब पाइप चालकाच्या बाजूचा. तो जवळपास 3 इंचांनी कमी केला आणि दोन्ही बाजूंना उजवीकडचा आखूड शाफ्ट घातला, तर रुंदी मूळ एक्सलपेक्षा जेमतेम अर्धा-पाऊण इंच कमी राहते आणि पिनियनही मध्याशी येतो. म्हणजे भाच्याला दुसऱ्या एका एक्स्प्लोररचा उजवा शाफ्ट मिळवावा लागेल. तो मिळाल्यावर दोन्ही शाफ्ट शेजारी ठेवून प्रत्यक्ष मोजावेत आणि पाइपावर खूण त्या फरकाइतकीच करावी. कुठे वाचलेल्या आकड्यावर करवत चालवू नये.

शाफ्ट निवडताना एक गोष्ट नीट पाहायला हवी. या एक्सलमध्ये बाहेरच्या बेअरिंगला आतली रिंग नसते, रोलर थेट शाफ्टच्या पृष्ठभागावर फिरतात. त्या चकचकीत पट्ट्यावरून नख आडवे फिरवावे. नख कुठे अडखळले तर तो शाफ्ट भंगारातच परत टाकावा, कारण त्यावर नवे बेअरिंग आणि नवे ऑइल सील फार काळ टिकणार नाहीत.

आता आपल्या मुख्य शंकेकडे येतो. कापलेला पाइप नुसता डोळ्यांच्या अंदाजाने किंवा अँगलच्या खाचेत ठेवून जोडला, तर वेल्डिंगच्या उष्णतेने तो ओढला जातोच, आणि पाइप जरासा वाकला तरी रोलर शाफ्टच्या एकाच कडेवर चालू लागतात. यावरचा चांगला उपाय आपल्या लेथवर होण्यासारखा आहे. डिफरन्शियलच्या (वळणावर दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या मधल्या गिअरसंचाच्या) बेअरिंगांच्या दोन बैठका आणि पाइपांच्या टोकांकडच्या बेअरिंगांच्या दोन बैठका, अशा चार जागी घट्ट बसणाऱ्या चकत्या टर्न करून त्यांच्या मधून एक सरळ, जाड, ग्राइंड केलेला बार आरपार घालायचा आणि तो आत असतानाच वेल्ड करायचे. बैठकांची मापे भाच्याने बोअर गेजने घेऊन कळवावीत. चकत्या आपण इथे करून त्याच्या सामानात द्याव्यात आणि बार मात्र त्याने तिकडेच घ्यावा. वेल्ड आधी चार ठिकाणी टाके घालून, मग समोरासमोरच्या बाजूंना थोडे थोडे करत पुरे करावे आणि मधून मधून बार हाताने फिरवून पाहावा. तो अडला की थांबायचे. हे काम भाच्याने स्वतः न करता अनुभवी वेल्डरकडून करून घ्यावे, हे मात्र आपण मामा म्हणून बजावून सांगावे.

याच एक्सलची आणखी एक दुखरी जागा आहे. मधला भाग ओतीव लोखंडाचा असून पोलादी पाइप त्यात दाबून बसवलेले आणि थोड्याच ठिकाणी वेल्ड केलेले असतात. जोरदार इंजिनाच्या झटक्याने पाइप आत फिरू शकतात. म्हणून जाणकार लोक तो जोड सभोवार वेल्ड करतात. ओतीव लोखंडाला आधी सर्वत्र सारखे तापवून घेणे, निकेलयुक्त इलेक्ट्रोड वापरणे आणि नंतर भाग सावकाश थंड होऊ देणे आवश्यक आहे, नाहीतर वेल्डच्या कडेने तडा जातो. आपण वेल्डिंगच्याच धंद्यात आहात, अधिक सांगायला नको.

पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) बैठका ही तिसरी बाब, आणि घाई होते ती नेमकी इथे. एक्स्प्लोररचे ब्रॅकेट ग्राइंडरने काढून सव्वातीन इंची पाइपाला बसणाऱ्या नव्या बैठका लावाव्या लागतात. त्या पाट्यांवर ठेवून यू-बोल्ट हलके आवळावेत, गाडी स्वतःच्या चाकांवर पूर्ण वजनाने उभी करावी आणि मगच पिनियनचा कोन ठरवून टाके घालावेत. गाडी जॅकवर लटकती असताना घेतलेला कोन निरुपयोगी असतो. गिअरबॉक्सचा शाफ्ट आणि पिनियन हे एकमेकांना समांतर धरून पिनियनचे नाक दोनेक अंशांनी खाली ठेवतात, कारण ॲक्सिलरेटर दाबताच पाटे पिळले जाऊन ते नाक वर उचलले जाते. हा कोन चुकला तर विशिष्ट वेगाला गाडी थरथरते आणि प्रोपेलर शाफ्टच्या टोकांचे क्रॉस (युनिव्हर्सल जॉइंट) लवकर खराब होतात. पिनियनवरचा एक्स्प्लोररचा गोल फ्लँज मस्टँगच्या प्रोपेलर शाफ्टशी जुळत नाही; जोडतुकडा लावून शाफ्टची लांबी नव्याने ठरवावी आणि तो बॅलन्स करून घ्यावा.

एक्सलचे गुणोत्तर, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यामागे पिनियनचे किती फेरे होतात ते, एक्सलवरच्या पत्र्याच्या चिठ्ठीवर असते. आकड्यांच्या मध्ये ‘एल’ हे अक्षर असेल, म्हणजे ‘3एल73’ असे काही, तर गुणोत्तर 3.73 आणि डिफरन्शियल लिमिटेड स्लिप, म्हणजे एक चाक घसरू लागले तरी दुसऱ्याला जोर पोहोचवणारे. मूळ मस्टँगला पुष्कळदा 2.80 किंवा 3.00 असे. 25 इंच व्यासाच्या टायरवर, ओव्हरड्राइव्ह नसलेल्या गिअरबॉक्सच्या टॉप गिअरमध्ये ताशी 100 किलोमीटर वेगाला इंजिन 2.80 वर मिनिटाला सुमारे 2,340 फेरे घेते, 3.73 वर 3,115 आणि 4.10 वर 3,425. लांबच्या प्रवासाची हौस असेल तर 4.10 घेऊ नये, असे माझे मत आहे.

ब्रेकबद्दल एवढेच की, 1966 च्या मस्टँगचे मास्टर सिलिंडर एकाच सर्किटचे आहे. एक नळी फुटली तर चारही चाकांचे ब्रेक जातात. 1967 च्या मॉडेलपासून दोन सर्किटे आली. एवढा खटाटोप करायचाच आहे तर दोन सर्किटांचे सिलिंडर लावावे, ड्रम ब्रेकसाठी नळीत थोडा दाब राखून ठेवणारा (अवशिष्ट दाबाचा) व्हॉल्व्ह मागच्या लाइनमधून काढावा आणि मागचा दाब कमी-जास्त करता येईल असा व्हॉल्व्ह घालावा, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर मागची चाके आधी लॉक होऊन गाडी फिरणार नाही.

प्रश्न : माझ्याकडे 1989 ची काँटेसा आहे. भंगार बाजारात पिकअपचा मागचा एक्सल स्वस्तात मिळतो आहे. तो बसवला तर गाडी दणकट होईल का?
— एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : नाही, कृपया घेऊ नये. काँटेसाला मागे पाटे नाहीत, कॉइल स्प्रिंग आणि दांड्या आहेत. पिकअपच्या एक्सलवर त्यांच्यासाठी एकही कान (ब्रॅकेट) नसतो. ते सगळे कान नव्याने, मिलिमीटरच्या हिशेबात वेल्ड करावे लागतील. माल वाहण्यासाठी ठेवलेले गुणोत्तर टॉप गिअरमध्ये इंजिनाला ओरडायला लावील. एक्सलचे वाढलेले वजन स्प्रिंगच्या खाली असल्याने खड्ड्यांत मागचे चाक उड्या मारील. आणि शंभर अश्वशक्तीच्याही आतल्या इंजिनाला एवढा एक्सल लागतोच कशाला?

कायद्याचेही पाहावे. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करू देत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये त्याचा कडक अर्थ लावला आहे. अपघात झाला तर विमा कंपनी पहिले बोट वेल्ड केलेल्या एक्सलकडेच दाखवील. आपला मूळ एक्सल उघडून बेअरिंगे, सील आणि क्राउन-पिनियनची बैठक एकदा नीट तपासून घ्यावी. खर्च त्या एक्सलपेक्षा कमी येण्याचा संभव आहे. आणखी एक : 2021 च्या नियमांनुसार 50 वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांना ‘व्हीए’ अक्षरांची व्हिंटेज नोंदणी मिळते, पण ती मूळ स्वरूपात राखलेल्या गाड्यांसाठीच आहे. आपल्या काँटेसाला त्या वयाला पोहोचायला अवकाश आहे. तोवर तिला कापू नये.

प्रश्न : डिफरन्शियल लिमिटेड स्लिप आहे की नाही हे एक्सलवरची चिठ्ठी गळून पडली असल्यास कसे ओळखावे?
— एक वाचक, रावपुरा, वडोदरा

उत्तर : गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून, पुढच्या चाकांना अडण लावून, दोन्ही मागची चाके उचलावीत आणि एक चाक हाताने फिरवावे. दुसरे चाक त्याच दिशेने फिरले तर लिमिटेड स्लिप, उलट दिशेने फिरले तर बहुधा साधे डिफरन्शियल. बहुधा म्हणण्याचे कारण, आतल्या क्लच प्लेटा झिजलेल्या असतील तर लिमिटेड स्लिपही साध्यासारखेच वागते. तेव्हा मागचे झाकण काढून प्लेटा डोळ्यांनी पाहणे हेच खरे. तेल बदलताना अशा एक्सलमध्ये फ्रिक्शन मॉडिफायर (तेलात मिसळायचे पूरक द्रव्य) घालायला विसरू नये, नाहीतर वळणावर प्लेटा अडखळत सुटतात आणि मागून खडखड ऐकू येते.