स्विफ्टला स्ट्रट बार लावावा का, आणि कुठला?

स्ट्रट बार म्हणजे बॉनेटखाली पुढच्या दोन्ही सस्पेन्शनची वरची टोकं जिथे बॉडीला बसतात, ते दोन 'टॉवर' जोडणारी आडवी दांडी. अॅल्युमिनियमचा घेऊ की लोखंडी, आणि बसवायचा कसा, असं विचारलंयत. आधी सांगा, लोअर आर्मचे, म्हणजे चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचे रबरी बुश कधी बदललेत?

माझी २०११ची स्विफ्ट, ९०,००० किलोमीटर पळालेली. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून निळा चकचकीत बार आणला आणि भांडुपच्या एका गॅरेजात बसवायला दिला. पोऱ्याने पुढचा भाग जॅकवर घेतला, दोन्ही चाकं लोंबकळत. भोकं जुळेनात, तर पठ्ठ्याने टॉमी घालून ब्रॅकेट ताणलं आणि नट आवळले. मी बावळटासारखा चहा पीत बघत होतो. गाडी खाली उतरली तेव्हापासून प्रत्येक खड्ड्याला डावीकडून 'कट्'. एलबीएस रोडवर रोज येणं-जाणं, म्हणजे विचार करा.

शेवटी एका रविवारी सोसायटीच्या आवारात गाडी सपाट जागी चारही चाकांवर उभी केली, नट सोडले. बार आपोआप दोन-तीन मिलिमीटर सरकला! हाताने बसवून पुन्हा आवळला, आवाज बंद. चाकांवर वजन नसताना बॉडीचा आकार किंचित बदलतो, आणि तोच ताण आपण बारमध्ये कोंडतो. हो, टॉवरच्या मधल्या मोठ्या नटाला हात लावू नका, स्प्रिंग त्याच्याच भरवशावर दबलेली असते.

आता मेहुणा. त्याने बार आणि नवे टायर एकाच दिवशी टाकले आणि तीन वर्षं गणपतीत एकच कॅसेट: "खंडाळ्याच्या घाटात गाडी चिकटून चालते, बारची कमाल!" टायरचं नाव नाही. मी बार काढून ठेवला, बुश बदलले, जुन्या हायवेने घाट चढलो. मग बार लावून पुन्हा तोच घाट. बुशने बारा आणे काम केलं, बारने फार तर दोन आणे: वळणात शिरताना नाक जरा लवकर वळतं, बस.

धातूपेक्षा आकार बघा. सरळ नळीच घ्या, इंजिनवरून कमान करून जाणारा बार दाबाखाली वाकतो. अॅल्युमिनियम पोलादाच्या साधारण एक तृतीयांशच ताठ, तेव्हा नळी जाड हवी. बॉनेट हळूच बंद करून बघा, इंजिन हलल्यावरही जागा उरली पाहिजे. एका बाजूने ठोकर बसली तर बारमुळे तो धक्का दुसऱ्या टॉवरपर्यंत पोचू शकतो, आणि विमावाल्यांना आधी विचारलेलं बरं.

खालून लावायचा ब्रेस, म्हणजे गाडीच्या पोटाखालचा तसलाच आडवा आधार, मुंबईत घेऊच नका. मेहुण्याचा आमच्याच गेटच्या स्पीडब्रेकरवर वाकला. ती गोष्ट तो गणपतीत सांगत नाही.