सर म्हणाले, ‘पुन्हा लिहा’

प्रबंधाचं प्रकरण ‘पुन्हा लिहा’ असा शेरा घेऊन परत आलं, की कित्येकांना वाटतं, आपल्याला लिहिताच येत नाही. माझ्याकडे आलेली कोल्हापूरची एक संशोधक विद्यार्थिनी त्यातलीच. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) विषय करवीर तालुक्यातली गुऱ्हाळं.

“मॅडम, तीनदा सुधारून दिलं. खरं सरांचं समाधानच होत नाही. आता लॅपटॉप उघडला तरी छातीत धडधडतंय.”

अशा वेळी श्वासाचे व्यायाम मी शिकवतेच, पण तेवढ्यानं इथं भागलं नसतं. तिन्ही खर्डे मागवून शेजारी-शेजारी ठेवले. ‘म्हणून’चं ‘त्यामुळे’ झालं होतं, ‘फार’चं ‘अत्यंत’, ऱ्हस्व-दीर्घही चोख. परिच्छेद मात्र होते तिथून हललेले नव्हते. अमेरिकेतल्या लेखन-अभ्यासक नॅन्सी सॉमर्स यांनी १९८० साली विद्यार्थी आणि मुरलेले लेखक यांच्या लिहिण्याची तुलना केली, तेव्हा त्यांना हेच दिसलं होतं. विद्यार्थी शब्द बदलत बसतात. मुरलेले लेखक आपल्याला म्हणायचंय काय, तेच फेरलेखनात शोधतात.

मी तिच्या हातात पेन्सिल दिली. प्रत्येक परिच्छेद मोठ्यानं वाच आणि तो काय सांगतो ते समासात एका ओळीत लिही, एवढंच काम. पहिले चार परिच्छेद झाले आणि ती हसायलाच लागली. चारही ठिकाणी तेच: कोल्हापूरचा गूळ प्रसिद्ध. त्यातल्या एकात २०१४ च्या भौगोलिक मानांकनाची भर, इतकाच फरक. सहाव्या पानावर मात्र एक गुऱ्हाळमालक बोलत होता. ऊस घरचाच आहे, पण काहिलीतला पाक ओळखणारा गुळव्या मिळत नाही, म्हणून चुलवाण थंड.

“मॅडम, माझं प्रकरण हेच की!”

तो उतारा पहिल्या पानावर आला, चारांचा एक परिच्छेद झाला. शुद्धलेखन मी मुद्दाम शेवटी ठेवायला लावलं. जे वाक्य उद्या उडणार, त्याची वेलांटी आज कशाला?

पुढे गाडी उलट्या टोकाला गेली. थांबावंसंच वाटेना. स्वल्पविराम इकडून तिकडे आणि परत इकडे यायला लागले, तेव्हा मी म्हटलं, पाठव आता. सरांनी या खेपेला विचारलंय, शाहूपुरीतले गुळाचे दर कुठून घेतले? ते शोधायला ती बाजारात हिंडतेय.