चामखिळी मोजण्याआधी चालू औषधं बघा

तुमच्या कुत्र्याच्या तोंडातल्या चामखिळींबद्दल तुम्ही विचारलंय: दहा महिन्यांचं पिल्लू, ओठांवर आणि हिरड्यांवर फ्लॉवरसारखे पुंजके, तीन आठवड्यांत दुप्पट. आणि शेवटी जाता जाता तुम्ही लिहिलंय, 'खाजेची गोळी चालू आहे'. माझं लक्ष तिथेच अडकलं. कुठली गोळी?

या चामखिळी पॅपिलोमा विषाणूच्या. त्यांच्यावर खरा इलाज कुत्र्याची स्वतःची प्रतिकारशक्ती. धडधाकट पिल्लात त्या बहुतेक वेळा एक ते तीन महिन्यांत आपोआप गळतात. प्रेडनिसोलोन (हे स्टेरॉइड), सायक्लोस्पोरिन, ओक्लासिटिनिब ही खाजेवर दिली जाणारी औषधं त्याच शक्तीला लगाम घालतात. मग चामखिळी पसरतात, जायचं नाव घेत नाहीत. आमच्या कुत्र्याच्या वेळी सगळ्यात महाग पडलं ते हेच. दवाखान्यात 'व्हायरल आहे, जाईल' म्हणाले आणि त्याच चिठ्ठीवर खाजेसाठी स्टेरॉइड लिहिलं. दोन्ही तक्रारी एकाच कुत्र्याच्या आहेत, हे कोणी बघतच नाही!

पण म्हणून गोळी आज रात्री बंद करू नका. काही आठवडे स्टेरॉइड चालू असेल तर अॅड्रिनल ग्रंथी (शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बनवणारी) सुस्तावलेली असते. एकदम थांबवलं तर कुत्रं कोसळू शकतं. डोस टप्प्याटप्प्याने उतरवायला सांगा. खाजेचं मूळ पिसवा, गोचीड की अॅलर्जी, तेही शोधायला लावा.

माणसांचं सॅलिसिलिक अॅसिडचं औषध लावू नका. कुत्रं चाटतं, तोंड भाजतं. दोरा बांधणं, कापणं हेही घरी नको. अॅझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक काही डॉक्टर देतात (किलोमागे 10 मिग्रॅ, दिवसातून एकदा, 10 दिवस). गुण आल्याचे दाखले आहेत, पण आपोआप गेलं की औषधाने, हे ठरवणं कठीण, त्यामुळे मी त्यावर फार भरवसा ठेवत नाही. मी डॉक्टर नाही, डोस त्यांनाच विचारा.

खाताना रक्त येत असेल तर मऊ अन्न द्या, चावायची कडक खेळणी काढून घ्या. तोंडाला घाण वास आला म्हणजे वर जंतुसंसर्ग झालाय, त्याला वेगळं औषध लागतं. गिळायला किंवा श्वासाला अडथळा होत असेल तर वाट बघू नका, तिथे शस्त्रक्रियाच.

शेवटची चामखीळ जाईपर्यंत दुसऱ्या कुत्र्यांत सोडू नका. भांडी, खेळणी वेगळी. लागण झाल्यावर चामखीळ दिसायला एक-दोन महिने लागतात, म्हणून घरातलं दुसरं कुत्रं आज स्वच्छ दिसतंय याला अर्थ नाही. माणसांना आणि मांजरांना हे लागत नाही.

तीन महिन्यांनंतरही तशाच राहिल्या, काळ्या पडल्या किंवा चिघळल्या, तर तुकडा तपासायला पाठवा. म्हाताऱ्या कुत्र्याच्या अंगावरची गाठ तर आधीच तपासा, ती बऱ्याचदा विषाणूची नसतेच.

गोळीचं नाव तेवढं कळवा.