एआयने लिहिलेला कोड तपासायचा कुणी?

प्रश्न : ताई, मी सहा जणांच्या टीमचा लीड आहे. कंपनीने सगळ्यांना एआय असिस्टंट दिलाय. कोड धडाधड लिहून होतो, पण पुल रिक्वेस्ट (हा बदल मुख्य कोडमध्ये घ्या, अशी विनंती) एवढ्या मोठ्या येतात की रिव्ह्यू करता करता माझी रात्र होते, आणि तरी बग प्रॉडक्शनला, म्हणजे ग्राहक वापरतात त्या सिस्टीममध्ये, जातातच. ज्युनिअरला विचारलं हे असं का लिहिलंस, तर म्हणतो "एआयने दिलं, टेस्ट पास होत्या." वापर बंद करू का?

उत्तर : बंद नका करू हो, मुलं लपून वापरतील आणि मग कुठला कोड कुठून आला तेही कळणार नाही. पण तुमची तक्रार अगदी खरी आहे. टायपिंगला वेळ लागतो म्हणून आपलं काम कधी अडत नव्हतंच, अडायचं ते नेमकं काय हवंय हे समजून घेण्यात, आणि तो सगळा भार आता तुमच्या एकट्याच्या गळ्यात पडलाय.

"टेस्ट पास होत्या" हे मात्र मला फार खटकतं. आमच्याकडे सबस्क्रिप्शनची पुढची तारीख काढायचा कोड असाच आला होता, जावास्क्रिप्टमध्ये, सेटमंथ हे महिना बदलणारं फंक्शन वापरून महिन्यात एक मिळवायचा, बस. दिसायला एकदम स्वच्छ, टेस्टही एआयनेच लिहिलेल्या, सगळ्या 15 तारखेच्या! आता त्यात 31 जानेवारी 2024 टाकून बघा. फेब्रुवारीला 31 तारीख नाही, मग जावास्क्रिप्ट जास्तीचे दिवस पुढे ढकलतं आणि उत्तर येतं 2 मार्च, एरर वगैरे काही नाही, फेब्रुवारी आख्खा गायब. कोड आणि टेस्ट एकाच ठिकाणाहून आल्या की जे कोडात सुटलं ते टेस्टमध्येही सुटतं.

म्हणून टेस्टच्या केसेस आधी माणसाने लिहायच्या, साध्या मराठीत लिहिल्या तरी चालतील : महिनाअखेर, लीप वर्ष, रिकामी लिस्ट, तीच रिक्वेस्ट दोनदा आली तर काय. मग कोड खुशाल एआयकडून घ्या. पुल रिक्वेस्ट छोटी ठेवायला लावा आणि ज्याची आहे त्याला ती ओळीओळीने समजावता येत नसेल तर रिव्ह्यूला घेऊच नका, यात मी कुणाचं ऐकणार नाही.

अजून एक, एआय मॉडेल कधीकधी अस्तित्वातच नसलेल्या पॅकेजचं (इतरांनी लिहिलेल्या, नेटवरून घ्यायच्या तयार कोडचं) नाव ठोकून देतं, आणि त्याच नावाने कुणी घातक पॅकेज टाकून ठेवू शकतं, तेव्हा इन्स्टॉल करण्याआधी ते कुणाचं आहे, किती जुनं आहे ते बघायचंच. पासवर्ड, एपीआय की (दुसऱ्या सेवेशी जोडणारी गुप्त किल्ली), ग्राहकांचा डेटा चॅटमध्ये पेस्ट करायचा नाही हे तर सांगायलाच नको.

जुना, डॉक्युमेंटेशन नसलेला कोड वाचायला मात्र एआय जरूर वापरा, "हे फंक्शन काय करतं" विचारा आणि मिळालेलं उत्तर डिबगर (कोड टप्प्याटप्प्याने चालवून दाखवणारं साधन) लावून पडताळा, त्यात खरंच दिवस वाचतात.

आणि त्या ज्युनिअरवर चिडू नका, त्याला शंका घ्यायला अजून कुणी शिकवलेलं नाही. पुढच्या रिव्ह्यूला शेजारी बसवा आणि ती 31 तारीख त्यालाच टाकून बघू द्या.